आज बाहेर पडू की नको?

मागच्या अंकात मी ढाक्यातल्या माझ्या तेरा वर्षांबद्दल दोन पानं लिहिली, गार्मेंटच्या ऑर्डरी, तिथल्या पोरींचा मशीनवरचा हात, इलिश मासा वगैरे, आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकली की २०२४ च्या जुलैत कर्फ्यूमध्ये अडकले होते. तर माशाबद्दल एकानेही विचारलं नाही. सगळी पत्रं त्या एका ओळीवर! आपल्या ठाणे-नवी मुंबईतल्या किती घरांतलं माणूस कुठेतरी गडबडीच्या गावात बसलंय ते मला त्या ढिगावरून कळलं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सहा निवडलीत, नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न (ऐरोलीहून एक आई): ताई, माझा मुलगा ढाक्याला उत्तरा भागात बायिंग ऑफिसमध्ये लागला त्याला सात महिने झाले. तिकडे काहीही झालं की इकडे टीव्हीवर दिवसभर जाळपोळ, आणि हा फोनवर म्हणतो आई काही नाहीये गं, जेवतोय मी. मी विश्वास कोणावर ठेवू? मध्ये दोन दिवस फोन लागला नाही तर देवासमोरून उठले नव्हते. मला बीपी आहे. त्याला सरळ परत ये म्हणू का?

उत्तर: अहो ताई, पंचाईत अशी आहे की टीव्ही पण खरं बोलतोय आणि तुमचा मुलगा पण. आपलंच बघा ना. २५ जुलै २०१८ चा बंद आठवतो का, मराठा आरक्षणाचा? दुपारी बंद मागे घेतल्याची बातमी आली, आणि तरी कळंबोलीत आणि कोपरखैरण्यात दगडफेक, जाळपोळ चालूच होती. त्याच वेळी ऐरोलीच्या एखाद्या गल्लीत पोरं क्रिकेट खेळत असणार. तुम्हाला तेव्हा कोणी न सांगता कळलं असेल की आज स्टेशनकडे जायचं नाही, दूध कोपऱ्यावर मिळेल, रिक्षा नाही मिळणार. हे आपल्याला कळतं कारण आपण इथले. तुमच्या मुलाला तिथे हे कळत नाही, त्याची खरी अडचण ही आहे. कोणी त्याच्यामागे लागलंय असं नाही, त्याला रस्ता वाचता येत नाही.

माझं सांगते. मी पण उत्तरा भागातच, एकटी राहायचे, तिसरा मजला. जुलै २०२४ मध्ये सरकारी नोकरीतल्या कोट्यावरून विद्यार्थी रस्त्यावर आले, स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठी ३० टक्के जागा कोर्टाने परत आणल्या होत्या त्यावरून. मी म्हटलं कॉलेजची पोरं आहेत, होईल शांत. ऑफिसला जात राहिले. १८ तारखेला गुरुवारी सकाळी बॅग घेऊन खाली उतरले तर दारवान चाचा गेटला कुलूप लावून समोर स्टूल टाकून बसलेले. म्हणाले, आपा, आज बाइरे जाइयेन ना, म्हणजे ताई, आज बाहेर जाऊ नका. मी घड्याळ दाखवलं, मीटिंग आहे म्हटलं, ते जागचे हलले नाहीत. मला राग आला, खोटं कशाला बोलू. तासाभरात मेन रोडकडून धाड धाड आवाज आणि डोळ्यांत जाणारा धूर वरपर्यंत आला. उत्तरा भागात त्या दिवशी माणसं मेली. मी बातम्या वाचणारी, इंग्रजी पेपर घेणारी, मला काही कळलं नव्हतं आणि चाचांना सकाळी सातलाच कळलं होतं, कारण चहाच्या टपरीवाल्याने त्या दिवशी टपरी उघडलीच नव्हती.

त्याच संध्याकाळी इंटरनेट गेलं. मोबाईलचं पण आणि घरातलं पण. दुसऱ्या दिवशी रात्री बारापासून कर्फ्यू. मग खरी मजा सुरू झाली, म्हणजे माझ्या विजेचा मीटर प्रीपेड होता आणि रिचार्ज करायचा फोनवरून, आणि फोनवर नेट नाही! जुलैचा उकाडा, मीटरवर आकडा खाली खाली येतोय आणि मी पंखा बंद करून ओला टॉवेल खांद्यावर घेऊन बसलेय. कर्फ्यूत सुरुवातीला दिवसातून दोन तासांची सूट मिळायची तेव्हा लोक वीज कंपनीच्या ऑफिसबाहेर लाइन लावून रिचार्ज करत होते. बँका बंद, एटीएमचा भरवसा नाही. माझ्याकडे कॅश किती होती विचाराल तर लाज वाटते सांगायला. वरच्या मजल्यावरच्या भाभींनी पाच हजार टाका (तिथलं चलन) हातात ठेवले आणि खिचुडीचं पातेलं, वर म्हणाल्या पातेलं परत करायची घाई नको. ब्रॉडबँड यायला २३ तारीख उजाडली, मोबाईलचं नेट तर २८ ला आलं. तोवर ठाण्यात माझ्या आईचं काय झालं असेल ते तुम्हीच जाणता.

तर आता तुमच्या मुलाकडून काय करून घ्यायचं. जेवलास का हे विचारा, आईचा हक्क आहे तो, पण त्याबरोबर हे पण विचारा की तुझ्या बिल्डिंगच्या दारवानाचं नाव काय आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं. सात महिन्यांत हे माहीत नसेल तर तो तिथे राहत नाहीये, फक्त झोपायला येतोय. दारवानाचा आणि एका शेजाऱ्याचा साधा फोन नंबर तुमच्या वहीत पेनाने लिहून ठेवा, फोनमध्ये सेव्ह आहे म्हणू नका. नेट बंद झालं म्हणजे व्हॉट्सॲप बंद, साधा कॉल मात्र पाच-पंचवीस वेळा लावला की कधीतरी लागतो. त्यासाठी त्याच्या सिममध्ये आयएसडीचा बॅलन्स कायम असू दे, आणि तुम्ही लावताना आधी ००८८० लावायचं. बाकी घरात पंधरा दिवस पुरेल एवढी कॅश, मीटरला आधीच भरलेले पैसे, पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन, डाळ-तांदूळ, आणि सिलिंडर असेल तर दुसरा भरलेला. पासपोर्ट बऱ्याचदा कंपनीच्या एचआरकडे व्हिसाच्या कामाला दिलेला असतो, तो काम झालं की लगेच परत मागून घ्यायचा. माझ्या ओळखीतला एक जण पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि कपाटाची चावी कर्फ्यूत, असा अडकला होता.

आणि दोघांत एक ठरवून टाका, की गडबड सुरू झाली की त्याने रोज रात्री अमुक वाजता एक मेसेज टाकायचा, नेट नसेल तर साधा एसएमएस. एक दिवस नाही आला तर तुम्ही घाबरायचं नाही, नेटवर्क असेल. तीन दिवस नाही आला तर शेजाऱ्याला फोन. तिथली वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे हे लक्षात ठेवा, नाहीतर उगाच अर्धा तास जास्त जीव खालीवर.

परत बोलवायचं का? माझं मत विचाराल तर आज नको. पण त्याला सांगा, विमानतळ उत्तराला अगदी लागून आहे म्हणून निर्धास्त राहू नको. ५ ऑगस्टला तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या त्या दिवशी तो विमानतळच काही तास बंद होता, आणि चालू असला तरी तिथवर पोचायचे ते दोन-तीन किलोमीटर कर्फ्यूत कसे पार करणार. निघायचं असेल तर ऑफिसेस, कॉलेजं अजून चालू आहेत पण बातम्या बिघडायला लागल्यात तेव्हा निघायचं, लोक हसले तरी चालतील. तिथल्या मेडिकलच्या आपल्या मुलांमधली बरीच त्या जुलैत आगरतळ्याच्या आखाऊरा बॉर्डरवरून, मेघालयातल्या डावकीवरून चालत इकडे आली, हजारोंच्या संख्येने. सगळेच विमानाने येत नाहीत.

बीपीची गोळी वेळेवर घ्या. आणि त्या चॅनेलचा आवाज बंद ठेवा, ते एकच जळणारी बस दिवसभर दाखवतात.

प्रश्न (कळव्याहून एक तरुण): मी पुढच्या महिन्यात ढाक्याला मर्चंडायझर म्हणून जॉईन होतोय. मित्र म्हणतात तिथे इंडियन आहेस सांगू नकोस, नेपाळी सांग. हिंदी बोललेलं चालतं का? फुल कन्फ्यूज आहे.

उत्तर: नेपाळी सांगितलंस आणि समोरच्याने नेपाळीत दोन वाक्यं टाकली तर काय करशील रे? खोटं पकडलं गेलं की मग मात्र खरंच संशय येतो. आणि तुझा व्हिसा, तुझं आयकार्ड, तुझ्या फॅक्टरीतले चारशे लोक, सगळ्यांना माहीत असणार तू कुठला.

राग आहे, तो नाही असं सांगून तुला पाठवणार नाही. ५ ऑगस्ट २०२४ ला ढाक्यात धानमंडीतलं आपलं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र लोकांनी फोडलं, त्याची लायब्ररी गेली. आमच्या ऑफिसात पण त्या आठवड्यात दोन-तीन जण माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायचे. त्याच आठवड्यात चाचा माझी भाजी आणून देत होते. लोक सरकार आणि माणूस यात फरक करतात, पण सगळेच करतील आणि रोजच करतील असं धरून चालायचं नाही. रिक्षात, टपरीवर कोणी म्हणालं की तुमच्या सरकारने असं केलं न् तसं केलं, तर बाजू मांडायला जाऊ नकोस, अगदी तुला मुद्दा माहीत असला तरी. मी एकच वाक्य वापरायचे, भाई, मी तर कपड्यांची शिवण बघायला आलेय. माणूस हसतो, विषय संपतो.

हिंदी बहुतेकांना समजते, सिरियली बघून बघून. पण समजते म्हणून फाडफाड हिंदीत सुरू होऊ नकोस. ज्या शहरात २१ फेब्रुवारी १९५२ ला भाषेसाठी पोरांनी गोळ्या खाल्ल्या, ज्या तारखेला आज जग मातृभाषा दिन म्हणतं, तिथे तू पहिल्या दिवशी येऊन हिंदी झाडणार, हे ठाण्याच्या मुलाला तरी समजावून सांगायला लागू नये. केमोन आछेन (कसे आहात), कोतो (किती), धोन्नोबाद (धन्यवाद), एवढ्यावर महिनाभर निघतो. बंगाली आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर येते, सामान्य, विशेष, साधारण असले आपले शब्द तिथे फक्त तोंड गोल करून बोलायचे.

आणि इंडिया-बांगलादेश मॅच असली की निळी जर्सी कपाटात. हे मात्र शांततेच्या काळात पण लागू.

प्रश्न (वाशीहून): ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला की दंगल, बंद, विमान रद्द याचे पैसे मिळतात ना?

उत्तर: पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरात एक्सक्लुजन्स लिहिलेले असतात ते भिंग लावून वाचा. युद्ध, दंगल, नागरी अशांतता हे बऱ्याच पॉलिसींत सरळ वगळलेलं असतं, आणि गडबड सुरू झाल्यावर पॉलिसी घेतली तर ती घटना आधीच माहीत होती म्हणून हात वर. विमान कंपनी फार तर तिकिटाचे पैसे देईल किंवा दुसरी तारीख, हॉटेलचं बिल तुमचं. २००८ च्या नोव्हेंबरात बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ आंदोलकांनी घेतला होता, तब्बल आठवडाभर, लोकांना लांबच्या नौदलाच्या विमानतळावरून काढावं लागलं. त्या आठवड्याचा खर्च ज्याच्या खिशात जास्तीचे पैसे होते त्याने केला, इतकं साधं आहे. परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वेगळी ठेवा, तोच इन्शुरन्स.

प्रश्न (नेरूळहून एक जोडपं): आम्ही सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूला होतो. टूरवाल्याने फोन बंद करून ठेवला. चार दिवस हॉटेलात पडदे लावून बसलो. अशा वेळी आपली एम्बसी विमान पाठवून बाहेर का काढत नाही? युक्रेनमधून काढलं ना?

उत्तर: टूरवाल्याबद्दल मी काही बोलत नाही, जे बोलावंसं वाटतंय ते मासिकात छापता येणार नाही.

विमानाचं असं असतं. युक्रेनसाठी २०२२ चं ऑपरेशन गंगा, सुदानसाठी २०२३ चं कावेरी, हे युद्ध होतं, नेहमीची विमानं थांबलेली आणि ती लवकर सुरू होण्याची शक्यता नाही. काठमांडूत ८ सप्टेंबरला आंदोलन पेटलं, सोशल मीडिया बंद केल्याचं निमित्त झालं, एका दिवसात १९ माणसं गेली, ९ ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद जळली, सिंहदरबार जळला, हिल्टनसारखं मोठं हॉटेल जळलं, आणि १० ला संध्याकाळी विमानतळ परत उघडलासुद्धा. इतक्या कमी वेळात वकिलातीचं काम म्हणजे हेल्पलाइन नंबर देणं, जिथे आहात तिथेच थांबा सांगणं, पासपोर्ट हरवला असेल तर एका वेळच्या परतीपुरता इमर्जन्सी सर्टिफिकेट देणं, विमानं वाढवायला लावणं. दारात गाडी येणार नाही. ती अपेक्षा ठेवली की चार दिवस गाडीची वाट बघण्यात जातात.

तुम्ही पडदे लावून आत बसलात ते बरोबर केलंत, फक्त हॉटेल कुठे आहे ते बघून. मोठं, काचेचं, चकचकीत, पुढाऱ्यांचं येणंजाणं असलेलं हॉटेल शांततेच्या दिवसांत सगळ्यात सेफ वाटतं आणि अशा दिवशी तेच डोळ्यात भरतं. आतल्या गल्लीतलं, मालक वरच्या मजल्यावर राहतो असलं लॉज मला बरं वाटतं. जिन्याने खाली उतरायची दुसरी वाट आहे का ते पहिल्याच दिवशी चालून बघायचं, आग लागल्यावर नाही.

आणखी एक, तुम्ही लिहिलंय की आधार कार्डावर गेलो होतो. नेपाळला विमानाने जाता-येताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालतं ते १५ च्या आतल्या आणि ६५ च्या वरच्यांना. तुमचं वय तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून जास्त बोलत नाही!

प्रश्न (ठाण्याहून, पाचपाखाडी): मी बाहेर मास्टर्स करतेय, देश लिहीत नाही. इथे कॅम्पसवर रोज मोर्चे निघतात, माझे सगळे क्लासमेट जातात, मुद्दा मला पटतो पण. मी नाही गेले तर भित्री वाटते. नुसतं उभं राहिलं तर काय होतंय?

उत्तर: बाळा, तू भित्री नाहीयेस, तू व्हिसावर आहेस. तुझ्या क्लासमेटला पकडलं तर तो रात्री घरी जाईल, तुला पकडलं तर कदाचित विमानात बसवतील. हे फक्त तिकडचं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये आपल्याकडे नागरिकत्व कायद्याविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा आयआयटी मद्रासला एक्स्चेंजवर आलेला एक जर्मन विद्यार्थी बोर्ड घेऊन उभा राहिला होता, त्याला देश सोडायला सांगितलं. एक्स्चेंज अर्धवट टाकून गेला तो. चूक-बरोबर यावर आपण चहा घेत तासभर भांडू शकतो, पण व्हिसा देणारा चहाला बसत नाही.

मुद्दा पटतो तर त्याबद्दल वाच, वर्गात बोल, मैत्रिणीला लागलं तर तिच्या रूमवर बँडेज घेऊन जा. फोटो काढू नकोस, विशेष करून पोलिसांचे, आणि मित्रांचे चेहरे दिसतील असे तर अजिबात नको, तुझ्या एका स्टोरीवरून दुसऱ्याचं घर शोधलं जातं. कॉलेजच्या फॉरेन स्टुडंट ऑफिसला विचार की इथे व्हिसाची नेमकी अट काय आहे, प्रत्येक देशात वेगळी असते. आणि चुकून धरलंच तर सही करायच्या आधी एकच सांगायचं, माझ्या वकिलातीला कळवा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम आहे ते, परदेशी माणसाने मागितलं तर कळवावं लागतं. कलमाचा आकडा पाठ नसला तरी चालेल, वकिलातीचा नंबर पाठ पाहिजे, कारण फोन तेव्हा त्यांच्याकडे असतो.

आईला यातलं किती सांगायचं ते तू ठरव. माझ्या आईला चाचांनी अडवलेला किस्सा मी दोन महिन्यांनी सांगितला होता.

प्रश्न (खारघरहून, सोसायटीचे सेक्रेटरी): आमच्याकडे एका फ्लॅटमध्ये सुदानचा विद्यार्थी भाड्याने आहे. मागच्या बंदच्या दिवशी तो नेहमीसारखा खाली उतरून चालत निघाला, वॉचमनने अडवलं तर भाषा कळेना, वाद झाला, सभासद म्हणतात असे भाडेकरू नकोतच. आम्ही काय करावं?

उत्तर: सेक्रेटरी साहेब, वॉचमनचं मी कौतुकच करीन, त्याने अडवलं. फक्त आदल्या रात्री कोणीतरी वर जाऊन त्या मुलाला सांगायला हवं होतं की उद्या बंद आहे, बंद म्हणजे काय, कुठून कुठपर्यंत असतो, रिक्षा आणि एनएमएमटीची बस नसेल, दुपारनंतर बहुतेक सुरळीत होईल, हायवेकडे जाऊ नको. आपल्याला हे जन्मापासून माहीत असतं म्हणून आपण सांगत नाही. त्याला भारत बंद हे शब्द भाषांतर करून फोनवर वाचले तर काय वाटेल विचार करा, अख्खा देश बंद? त्याच्या देशात एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे, खार्टूममधून लोक काय अवस्थेत निघाले ते आपण टीव्हीवर बघितलंय. तो पोरगा फटाक्याला पण दचकत असेल, दिवाळीत कोणी विचारलं का त्याला?

कागदाचं काम मालकाकडून बघून घ्या, परदेशी भाडेकरूची माहिती तो आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते, ते केलं असेल तर सोसायटीला घाबरायचं कारण नाही. केलं नसेल तर चूक मालकाची, त्या मुलाची नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला घ्या आणि बंद, पाणी, लाइट याचा मेसेज इंग्रजीत पण टाका, तसेही अर्धे सभासद मराठीतला मेसेज वाचून परत तेच विचारतात. वॉचमनला आणि त्याला एकदा समोरासमोर बसवा, चहा पाजा, दोघांचे नंबर एकमेकांकडे असू देत.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही जे ओझरतं लिहिलंय, की त्या मजल्याच्या मालकाने मेंटेनन्स थकवला म्हणून त्या मुलाचं लिफ्टचं कार्ड बंद केलंय, त्याचा बंदशी काय संबंध? ते आज संध्याकाळपर्यंत चालू करा.